पणजीच्या इरकलची गोधडी : बारशाच्या एका भेटीचं पूर्ण प्रकरण

आधी माणसं सांगून टाकते, नाहीतर पुढं नुसता गोंधळ होईल. जिनं हे करायला घेतलं ती बाळाची आत्या, पुण्यात नोकरी, माहेर सांगलीकडचं. तिच्या मोठ्या भावाला बाळ होणार होतं. वहिनी पहिलं बाळंतपण म्हणून तिच्या माहेरी, सोलापूरला. गावाकडच्या घरात काकू, म्हणजे आत्याची थोरली चुलती, आणि काकूंच्या ताब्यात माळ्यावरची लोखंडी ट्रंक, ट्रंकेत बाळाच्या पणजीच्या साड्या. पणजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी या घरातली कोणी नाही, कोल्हापुरात गोधड्या आणि लहान मुलांचं शिवणकाम करते, आणि प्रकरण पार अडकलं तेव्हा ते माझ्याकडं आलं. नावं गाळलीयेत, तिला विचारूनच लिहितीये.

ठरलेलं काय होतं, तर पणजीच्या नऊवारी इरकलची छोटी गोधडी शिवायची, मधोमध बाळाचं नाव भरायचं, बारशाला पाळण्यात अंथरायची, मग बाळानं ती रोज वापरायची, आणि मोठं झाल्यावर आठवण म्हणून जपायची. ऐकायला किती गोड. पण सगळा वैताग याच एका वाक्यात भरलाय, कारण एकाच कापडाला तीन-चार कामं लावलीयेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. रोज वापरायचं कापड म्हणजे शी, शू, दूध, गरम पाणी, साबण, कडक ऊन. जपायचं कापड म्हणजे यातलं काहीच त्याच्या वाऱ्याला नको. पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात येत नाही, सगळ्यांना ती तयार झालेली, पाळण्यात अंथरलेली, फोटोत दिसत असते.

नऊ महिने असतात कुठं?

बरेच जण म्हणतात की अगं नऊ महिने होते ना हातात, मग शेवटी धावपळ कशाला. नसतात हो. बाळ यायच्या आधी त्याचं काही आणू नये, शिवू नये असं अजूनही कितीतरी घरांत पाळतात, आणि काकूंनी तर ट्रंक उघडायलाच सपशेल नकार दिला, "आधी पोरगी सुखरूप सुटू दे, मग बघू साड्याबिड्या." त्यात मुलगा की मुलगी हे आधी कळायचा प्रश्नच नाही, १९९४ च्या कायद्यानं ते सांगायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, पण त्यामुळं नावाची अक्षरं किती, कुठं बसवायची, काहीच आखता येत नाही. नाव बारशाला बाराव्या दिवशी जाहीर होणार. ते बाळाच्या कानात सांगायचा मान आत्याचा, पण ठरवणार आईबाप, आणि आईबापांचं सोलापूरच्या आजोबांनी जन्मनक्षत्रावरून आद्याक्षर काढून देईपर्यंत काही ठरणार नाही.

म्हणजे बघा, बाळ झाल्यावर पुण्याहून गावी जायचं, काकूंची समजूत काढायची, साड्या आणायच्या, धुवायच्या, कापायच्या, शिवायच्या, वर अजून न ठरलेलं नाव भरायचं आणि घेऊन सोलापूर गाठायचं, हे सगळं बारा दिवसांत आणि नोकरी सांभाळून. घाईघाईत आणलेल्या तयार गिफ्ट सेटला आपण नावं ठेवतो खरं, पण आपल्याच रीतीनं हातानं करायला जी फट ठेवलीये ती एवढीच आहे. अर्थात पूर्वी आत्या हातानं करायचीच, पण ती कुंची करायची किंवा झबलं-टोपडं, जे दुपारच्या दोन बैठकीत होतं आणि ज्यावर नाव नसतं. गोधडी हा बारा दिवसांचा ऐवज नव्हताच कधी. ती सवडीनं, पावसाळ्यात, शेताची कामं नसताना व्हायची, घरातल्या दोघीतिघी बसून.

ट्रंकेतला वास

साड्या मिळाल्या. दोन इरकल, एक हिरवी बारीक चौकड्याची, एक काळपट निळी गोमी काठाची, दोन्हीला लाल पदर. काकूंची अट एकच, उरलेला तुकडान् तुकडा परत आला पाहिजे. (ही अट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.)

साड्यांना डांबरगोळ्यांचा वास. आत्यानं धुतल्या, गेला नाही, परत धुतल्या, सुगंधी लिक्विड घातलं, तर डांबर अधिक लव्हेंडर असा एक तिसराच वास तयार झाला. तिला वाटलं की नुसता वासाचाच प्रश्न आहे, पण प्रश्न वासाच्या पुढचा आहे आणि हे मी गिऱ्हाइकांना कानीकपाळी ओरडून सांगते. डांबरगोळीत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आणि अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले, पांघरले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. आपल्या बाळाला ते आहे का हे बहुतेक घरात माहीतच नसतं. म्हणून ट्रंकेतल्या कापडाला वास येतोय तोवर ते बाळाजवळ न्यायचं नाही, झालं. नॅफ्थलीन हवेत उडून जातं, त्यामुळं त्याला सेंट नाही, उघडी हवा लागते, दोरीवर मोकळी सोडून दिवसचे दिवस वारं खाऊ द्यायचं. आणि नेमके दिवसच तर नव्हते. जुन्या बायका साड्यांत वेखंडाचे तुकडे नाहीतर कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायच्या ते किती बरं होतं, असं काकूंना म्हटलं तर म्हणाल्या, पाला चुरून साडीला डाग पडतात. प्रत्येक उपायाला काकूंकडं एक डाग असतोच.

कापड कुठं जिवंत आहे

जुन्या नऊवारीचं कापड सगळीकडं सारखं नसतं. साडेआठ-नऊ वार कापड हातात आलं की वाटतं भरपूर आहे, आणि भरपूर नसतं. काष्ट्याचा भाग आणि बसायचा भाग विरून जाळी झालेला असतो, तो उजेडात धरला की लगेच कळतं. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी घडीवर मरते, दिसायला धडधाकट, आणि दोन्ही अंगठ्यांनी घडीच्या दोन बाजूंना धरून जरा ताणलं की टर्र. चांगलं कापड मिळतं ते निऱ्यांच्या आतल्या बाजूचं, जिथं ना ऊन लागलं ना घासलं गेलं.

आत्यानं हे न बघता साडीच्या एका टोकापासून चौकोन कापत नेले होते. सगळे सारखे, मोजून, पट्टीनं, कामात फार नेटकी आहे ती. पण निम्मे चौकोन विरलेल्या भागातले आणि निम्मे धडक्या भागातले, आणि ते शेजारी शेजारी शिवले की धडका तुकडा विरलेल्याला शिवणीपाशी फाडतो. एक जोडून झालं की दुसरीकडं उसवायचं, असं रात्रीचे दीड-दोन वाजेपर्यंत. फोनवर मला म्हणाली, "मावशी, मी शिवतीये का फाडतीये तेच कळंना झालंय."

लाल पदर

आता खरा खलनायक. इरकल ही बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची साडी, आपल्याकडं सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या नेसलेली. अंग सुती आणि पदर लाल रेशमी, आणि पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. म्हणजे एकाच साडीत दोन वेगवेगळ्या जातीचे धागे. त्यात पुढंपुढं कितीतरी साड्यांत रेशमाच्या जागी आर्ट सिल्क, म्हणजे व्हिस्कोससारखं कृत्रिम रेशीम आलं. आत्याच्या हिरव्या साडीच्या पदराचा एक दोरा मी काढून काडीनं पेटवला, तो कागदासारखा भुर्रकन जळला, कागद जळल्याचाच वास, खाली मऊसूत राख. रेशीम असं जळत नाही, ते गोळा होत आकसतं आणि केस जळल्याचा वास येतो. म्हणजे तो पदर आर्ट सिल्क, आणि हा धागा ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. थोडक्यात असं कापड जे ओल्या हातानं पिळलं तर पिळतानाच जाणार, आणि ते लावायचं होतं तान्ह्या बाळाच्या अंथरुणाला. बोला आता.

पण आत्याला आधी त्रास झाला तो रंगाचा. पदराचे चौकोन तिनं मधोमध घेतलेले, पाठीला पांढरी शुभ्र मलमल. सगळं जोडून झाल्यावर मनात पाल चुकचुकली म्हणून एकदा पाण्यातून काढलं, आणि मलमल गुलाबी. मग सुरू झाले सल्ले. ऑफिसातली एक म्हणाली मिठाच्या पाण्यात ठेव, सासूबाई म्हणाल्या तुरटी, कुणीतरी व्हिनेगर सांगितलं, आणि बिचारीनं तिन्ही केलं.

यातलं काय कामाचं ते सांगते कारण हे सगळीकडं चुकीचं फिरतंय. मीठ हे कापड रंगवताना, रंगाच्या पाण्यातच, रंग कापडाकडं ढकलायला वापरतात, आणि सुती कापडाला आजकाल जे रिॲक्टिव्ह रंग देतात ते धाग्याला पक्के चिकटतात सोड्यामुळं, मिठामुळं नाही. व्हिनेगरचा उपयोग आहे तो रेशीम आणि लोकरीच्या ॲसिड रंगांना, आणि तोही रंगवतानाच. वर्षानुवर्षांपूर्वी रंगवून झालेली साडी घरी मिठाच्या बादलीत बुडवून तिचा रंग पक्का होत नाही, खारट होते फक्त. जो रंग धाग्याला धरलेलाच नाही तो धुवून धुवून काढून टाकायचा, पाणी नितळ येईपर्यंत, कापायच्या आधी, आणि ही एवढी एकच गोष्ट करायची असते. खात्री करायची असेल तर पांढरा रुमाल ओला करून कापडावर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची, रुमाल पांढरा राहिला तर पुढं जायचं. आणि पांढऱ्यावर रंग लागलाच तर ते वाळू द्यायचं नाही, इस्त्री तर अजिबात नाही, तसंच ओलं भरपूर पाण्यात टाकायचं. आत्यानं ते रात्रभर पंख्याखाली वाळवलं होतं. गुलाबी पक्का.

मशीनचा छळ

यावर फार लिहीत नाही, ज्यांनी घरच्या मशीनवर जाड काही शिवलंय त्यांना माहितीये. वर साडी, मध्ये पॉलिस्टरचं फुगीर वॅडिंग (भरण), खाली मलमल, आणि साधा फूट, म्हणजे मशीनचा कापड दाबून धरणारा पाय. मशीनचे दात खालचं कापड पुढं ओढतात, वरचं कापड फुटाखाली मागं राहतं, म्हणून शिवण संपेपर्यंत वरचा थर एका बाजूला बोटभर उरतो आणि पाठीला चुण्या. यासाठी वॉकिंग फूट मिळतो, तो वरचाही थर बरोबर चालवतो, पण सगळ्या मशीनला बसत नाही, आपलं मशीन दुकानात दाखवून घ्यावा लागतो. सुई पण तिनं नेहमीची ब्लाऊजची ठेवलेली, मग टाके सुटायला लागले, खाली दोऱ्याचं जाळं, मग टेन्शन कमी-जास्त करणं. मशीनचंही आणि तिचंही.

याच्यावर तिच्या नवऱ्याचं म्हणणं, आणि तो चांगला माणूस आहे हं, की "एवढं कशाला, ऑनलाइन मागव की, नाव घालून पण देतात." हे वाक्य अशा वेळी घरातलं कुणीतरी बोलतंच आणि ते व्यवहारानं बरोबरच असतं, म्हणून जास्त लागतं.

नावाचं काय झालं

भावानं फोनवर सांगितलं नाव पक्कं झालं. आत्यानं वेळ वाचवायला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडं पट्टी करायला टाकली. नावात रफार होता. सॉफ्टवेअरचा देवनागरी फॉन्ट जुना, त्यानं रफार अक्षरावर न चढवता र चा पाय मोडून बाजूला ठेवला, आणि वर वेलांटी थोडी सुटी. दुकानदार म्हणाला, मॅडम वाचता येतंय की. परत करून घेतली तर अक्षरं जमली, पण मागं जो कडक कागदी कपडा लावतात तो तसाच, बाळाच्या गालाला लागेल असा खरखरीत.

तोवर सोलापूरच्या आजोबांनी नक्षत्राचं अक्षर काढलं. नाव बदललं.

मग तिनं ठरवलं की स्वतःच भरायचं, पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनानं मलमलीवर नव्या नावाची अक्षरं काढली, चुरगळलं होतं म्हणून वरून इस्त्री फिरवली. ती शाई पाण्यानं जाते खरी, पण आधी उष्णता लागली तर बसते, तपकिरी होऊन. पेनच्या पाकिटावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, रात्री दीड वाजता कोण वाचतंय.

इथं ती रडली आणि पिशवी भरून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं माझ्याकडं आली.

माझ्याकडं आल्यावर

पिशवी उघडून मी सगळं जमिनीवर मांडलं आणि पहिला फोन वहिनीला लावायला सांगितला. कारण एवढ्या सगळ्यात जिला ते धुवायचं, वाळवायचं, बाळाखाली घालायचंय तिला कुणी एका शब्दानं विचारलेलं नव्हतं, सरप्राइज होतं ना. आत्या तयार होईना, सरप्राइज जाईल म्हणे. शेवटी नाव न घेता आडून विचारलं, की वहिनी, बाळाला काय कमी पडतंय. वहिनी ओल्या बाळंतिणीच्या थकलेल्या आवाजात म्हणाली, "ताई, दुपटी आणा हो, साधी, जुन्या मऊ कापडाची. दिवसाला किती लागतायत विचारू नका. भारीचं काही नको, ते धुवायचं कसं याचंच टेन्शन येतं."

हे ऐकून आत्याचं तोंड उतरलं, पण मला तर कामाची यादीच मिळाली. मग आम्ही त्या एका गोधडीची कामं सोडवून वेगवेगळी केली.

रोज वापरायला: साडीच्या विरलेल्या पण न फाटलेल्या भागाची दुपटी. विरलेलं सुती कापड गोधडीला वाईट आणि बाळाच्या अंगाला सगळ्यात चांगलं, म्हणून तर पहिलं झबलं जुन्या कापडाचं करायची रीत आहे. दोन थर एकावर एक, कडेनं दुमडून धावदोरा, बस. नाव नाही, लेस नाही. फाटलं तर फेकायचं, तेवढ्यासाठीच ते आहे. वास जायला वेळ लागणार होता म्हणून ही दुपटी आधी माझ्या गच्चीवर टांगली आणि बारशाला माझ्याकडच्याच जुन्या धोतरांची, धुऊन उकळलेली दिली.

बारशाला मिरवायला: लाल पदराची कुंची. जे कापड धुण्यात टिकणार नाही ते मुळात न धुवायच्याच वस्तूत घालायचं. कुंची आधी पाळण्यातल्या वरवंट्याला घालतात, मग बाळाला, तीही थोडा वेळ फोटोपुरती, की उतरवली. पदर माझ्याकडं गच्चीवर वाऱ्याला होता, पण वास पूर्ण गेल्याशिवाय मी तो बाळाच्या डोक्याला लावू देणार नव्हते. बारशाच्या आदल्या दिवशी नाकाशी धरला, मग आत्याला धरायला लावला, मग शेजारणीला. शेजारीण म्हणाली, येतोय थोडा. झालं, मग बारशाला ती कुंची फक्त वरवंट्यानं घातली, आणि बाळाला साध्या खणाची. वरवंट्याला नॅफ्थलीनचं काही होत नाही. आत्या जरा हिरमुसली, पण पाळण्यात पणजीचा पदर पहिल्यांदा गेला याचं सोलापूरच्या बायकांना इतकं कौतुक वाटलं की त्यातच ती खूश झाली. कुंची बाळाला नंतर, सव्वा महिन्यानं, आतून मलमलीचं अस्तर लावून घातली. गळ्याशी नाडी न ठेवता प्रेस बटण बाहेरच्या बाजूला पक्कं शिवलं, मोती-टिकल्या एकही नाही, तोंडात जातात.

आणि गोधडी: ती बारशाला नाहीच, असं मी सरळ सांगितलं. इथं जरा वाद झाला.

गोधडी मी माझ्या पद्धतीनं हातानं घातली, पण चौकोन आत्यालाच निवडायला लावले, उजेडात धरून, अंगठ्यानं ताणून. फक्त सुती अंग आणि गोमी काठ, पदर नाही. मध्ये वॅडिंगच्या जागी काकूंनी पाठवलेलं पणजोबांचं जुनं धोतर. म्हणजे तिन्ही थर असे की आटायचं ते आटून झालंय आणि जायचा तो रंग गेलाय, नव्या मलमलीसारखं पहिल्या धुण्यात आखडून चुण्या पडायची भीती नाही. जमिनीवर पसरायचं, कोपऱ्यावर वजनं ठेवायची, आधी मोठे कच्चे टाके घालून थर धरून घ्यायचे, मग कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्या घालत मध्याकडं यायचं, तळहातानं प्रत्येक फेरीला आतल्या बाजूला कापड सारत. कडेकडून येताना जास्तीचं कापड आपण पुढं ढकलत असतो, ते शेवटी मध्ये साठतं, म्हणून मध्यात पोचताना हात फार सैल ठेवावा लागतो. टाका लहान घेतला, तांदळाएवढा. एरवी गोधडीला एवढा लहान लागत नाही, पण लांब टाक्याच्या फाशात बाळाचं बोट अडकतं, आणि सुटा दोरा बोटाला गुंडाळला जाऊन रक्त थांबल्याचे प्रकार होतात, मोज्यात आणि हातमोज्यांत तर जास्तच. त्यामुळं बाळाच्या कुठल्याही वस्तूची मागची बाजू आधी बघायची. ऑनलाइन फोटोत मागची बाजू कधीच नसते.

नाव एका कोपऱ्यात, लहान, सहा महिन्यांनी भरायचं असं ठरलं. तोवर नाव बोलण्यात रुळतं तरी.

एक गोष्ट मात्र कुणालाच ऐकायला आवडली नाही. गोधडी बाळाला झोपताना पांघरायची नाही, पाळण्यात सुटी ठेवायची नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२२ साली परत सांगितलंय की पहिल्या वर्षात झोपेच्या जागी मऊ, सुटं पांघरूण नको, बाळ उताणं, सपाट घट्ट गादीवर. आपल्याकडचे डॉक्टरही तेच सांगतात. यावर काकू म्हणाल्या, "आम्ही काय मेलो का गोधडीत?" याला उत्तर देऊ नये, दिलं तर संध्याकाळ जाते. मी म्हटलं, खाली घाला की, जमिनीवर, जागं असताना, समोर माणूस बसलेलं असताना.

सध्या

तेच चाललंय. बाळ पालथं पडायला लागल्यापासून गोधडी हॉलमध्ये जमिनीवर असते आणि वहिनी ती मशीनला नाजूक सायकलवर धुते, जाळीच्या पिशवीत. दुपटी जवळजवळ संपली. कुंची डब्यात आहे, सुती कापडात गुंडाळून, डांबरगोळी न घालता. कॉम्प्युटरवर केलेली पहिल्या नावाची पट्टी आत्याच्या ड्रॉवरमध्ये पडलीये, तिचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

मला यात आत्याचं जे पटलं नाही ते तिला बोललेय, इथंही लिहिते. कुणी गोधडीवर पाय दिला की ती अजूनही व्हिडिओ कॉलवर ओरडते. आणि वहिनीचं कौतुक यासाठी की तिनं ती "जपून" कपाटात ठेवली नाही. मी शिवलेल्या किती गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंदून पिवळ्या पडल्यात, त्या मला लोक दोन-तीन वर्षांनी दाखवायला आणतात, डाग जाईल का विचारायला.

आता नवीन अडचण अशी की गोधडीचा एक कोपरा, गोमी काठाचा, बाळानं चावून चावून विसविशीत केला. ठिगळ लावायचं तर त्याच निळ्या साडीचं पाहिजे, बाजारातलं नवं कापड लावलं तर ते आटेल आणि शेजारचं ओढेल. आणि उरलेला तुकडान् तुकडा अटीप्रमाणं काकूंकडं गेलेला. आत्यानं फोन केला तर काकू द्यायला तयार नाहीत, कारण आता त्यांच्याच सुनेला दिवस गेलेत. मला काकूंचाच परस्पर फोन आला, किती घेशील म्हणून, आणि वर सांगितलं, "आमच्या बाळाची पण तशीच कर, पण नाव मधोमध मोठं पाहिजे, आणि लाल पदर पण घाल त्यात. आणि हे बघ, बारशालाच पाहिजे."